बॅटरीला लावलेलं वळण

माझ्या वडिलांना, उर्हो कांगास यांना, कुणी काही शिकवू शकत नाही. हयातभर सुतारकाम केलेला माणूस. कॅनडातल्या थंडर बे गावात कितीतरी घरांच्या सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या लाकडी खोल्या, त्यांनी बांधल्यात, आणि त्यांच्या लेखी बॅटरी म्हणजे ड्रिलची बॅटरी. ती पार निपचित पडेपर्यंत वापरायची आणि मगच चार्जरला लावायची, नाहीतर आळशी होते. त्यांच्या जुन्या ड्रिलच्या बाबतीत ते खरंही होतं. लॅपटॉपच्या बॅटरीचं तसं नाही, तिला उपाशी मारलं की ती लवकर म्हातारी होते आणि सतत शंभर टक्क्यांवर कोंबून ठेवलं तरी होते, हे सांगून सांगून मी थकले. मी चार्जिंग ऐंशीवर थांबेल अशी सोय केली होती, विसाच्या खाली जाऊ देत नव्हते. बाबा मान हलवायचे, आणि माझी पाठ वळली की प्लग काढायचे.

त्या मंगळवारी मात्र कहर झाला. अकरा वाजता माझी मुलाखत होती, लॅपटॉपवरच. दूर पूर्वेला, लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत कायमची नोकरी होती. रजेवर गेलेल्या शिक्षकांच्या जागी मी आज या शाळेत, उद्या त्या शाळेत शिकवत होते आणि चाळिशी उलटून वडिलांच्या घरी राहत होते. ही नोकरी हातची गेली असती तर पुन्हा तेच चालू राहणार होतं.

सकाळी पडणारा पाऊस तारांवर गोठत गेला आणि वीज गेली. मी घाबरले नाही. बॅटरी आदल्या दिवशी ऐंशीवर आणून ठेवली होती, इंटरनेट फोनवरून मिळणार होतं. मी निवांत अंगणातला बर्फ खरवडायला गेले.

आत येते तर बाबा लाकडाच्या चुलीवरची कॉफी पीत बसलेले, आणि समोर माझ्या लॅपटॉपवर साठवून ठेवलेली हॉकीची जुनी मॅच, पडदा झगझगीत करून. पहाटेपासून चालू होती म्हणे. बॅटरी सहा टक्के.

“बाबा, हे काय चाललंय?”

“वळण लावतोय तिला. थोडी राहिलीय, संपली की लाव चार्जरला.”

“कुठल्या चार्जरला? वीज कुठाय?”

बाबांनी छतावरच्या दिव्याकडे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मला नोकरी मिळूच नये असं तुम्हाला वाटतं, हेही बोलून गेले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, किल्ल्या उचलल्या आणि ट्रक चालू करायला गेले. ड्रिल चार्ज करायला त्यांनी ट्रकमध्ये घरच्यासारखा प्लग बसवून घेतला होता.

मुलाखत मी त्या ट्रकमध्ये दिली, वर चांगला शर्ट आणि खाली बर्फाचे बूट. आत बसलो तर खोकला येईल म्हणून बाबा बाहेरच उभे राहिले. मुख्याध्यापिकेने विचारलं, मुलांचे आईवडील हट्टाला पेटले, काही ऐकेचनात, तर तुम्ही काय करता? मी काचेतून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या टोपीवर बर्फ साचत होता. घोकलेलं उत्तर काही केल्या आठवेना. खरं सांगायचं तर मला अजून जमलेलं नाही, पण मी सांगणं सोडत नाही, असं मी म्हणाले. बाई हसल्या आणि आणखी बराच वेळ बोलत राहिल्या.

संपल्यावर मी काच खाली केली. माझा राग अजून उतरला नव्हता. नेमकं आजच कसं सुचलं हे, असं मी त्यांना विचारलं.

“आजच नाही,” बाबा म्हणाले. “तू अर्ज केलास तेव्हापासून करतोय.”

“पण कशासाठी?”

“तिकडे वादळ आलं की दोन-दोन दिवस वीज नसते म्हणतात. तिथे तुझ्याकडे ट्रक नसणार. मीही नसणार. म्हटलं, पोरगी जायच्या आधी बॅटरी तरी दणकट करून द्यावी.”

म्हणजे इतके दिवस हा माणूस, मी जाणार हे धरून, माझी चांगली बॅटरी रोज मनापासून नासवत होता. मला इतका वैताग आला की डोळे भरून आले.

“आत बसा आधी,” मी म्हणाले. “गारठून जाल.”