गाडीच्या तळातली डावी गाठ

इतवारीच्या जुन्या मारुती गाडीला असा गंज चढला होता, की ती करडी गावच्या तलावाकाठून गेली की मागे लाल भुकटीची रेघ पडे आणि कोंबड्या ती टिपत येत. खोटं वाटत असेल त्यानं इतवारीच्या बायकोला, सखाबाईला विचारावं. परवा भर तुमसरच्या बाजारात तिचा पाय तळातून आरपार गेला तो थेट रस्त्यावर. उरलेला अर्धा बाजार ती गाडीत बसून चालत गेली!

घरी येताच तिनं शपथ घेतली. "तळ पक्का होत नाही तोवर मी या डब्यात बसत नाही. उद्या आसगावले बहिणीच्या पोरीचं लगन आहे, मी एसटीनं जाईन."

नवरा गाडीत एकटा अन् बायको एसटीत! मांडवातल्या माणसांना ही चेष्टा वीस वर्षं पुरली असती. म्हणून सकाळीच इतवारी गाडी विटांवर चढवून तिच्याखाली आडवा पडला, आणि गंजापेक्षा लाल झाला.

"हे कवड्याचंच काम!"

कवडू म्हणजे सखाबाईचा धाकटा भाऊ. तो पत्र्याचा तुकडा आणि रिबिटं घेऊन मदतीलाच आला होता.

"भाऊजी, मी मासोळीची एकच खेप नेली होती."

"एकच? डिक्कीत पानी सांडलं ना बे? मासोळी सडली तं वास येते. तुही अक्कल सडली ते कोनाले कडलंच नाही!"

"माहं आयका तं..."

"निंघ! गाडीले हात लावला तं हाच पत्रा तुह्या टाळक्यावर ठोकीन!"

कवडूनं पत्रा भिंतीला टेकवला आणि निघून गेला.

इतवारीनं छिन्नी मारली. भोकं भरायच्या लांबीचे पोपडे तोंडावर पडले, त्यामागून काळं डांबर, आणि डांबरात ओलं, कुजकं जाळं. त्यानं ओढलं. हातभर निघालं, चार हात निघालं. आणखी ओढलं असतं तर तलावच बाहेर आला असता.

"पाय सखे, पाय तुह्या भावाचे धंदे! नावेची, डोंग्याची भोकं बुजवते तसं जाळं कोंबलं! लाकूड भिजलं तं फुगून घट्ट होते, पत्रा भिजला तं सडते! एवढं बी समजत नाही त्या गाढवाले?"

सखाबाईनं जाळ्याची एक गाठ नखानं उकलून पाहिली.

"ही गाठ डावीकडून फिरली आहे."

गावात डावखुरा जाळं विणणारा एकच होता.

इतवारीला आठवलं. चार पावसाळ्यांपूर्वी, घाईत, डोंगा बुजवायच्या सवयीनं त्यानंच ते कोंबलं होतं. वरून लांबी फासली, रंग मारला, आणि साऱ्या गल्लीला सांगितलं, काम कंपनीपेक्षा भारी झालं.

राग होता तेवढाच राहिला. फक्त त्याला जायला दार उरलं नाही. इतवारीनं छिन्नी अशी आपटली, की विटेचे दोन तुकडे झाले.

"पत्रा एकट्यानं बसत नाही," सखाबाई म्हणाली. "एक आतून धरते, एक खालून ठोकते. अन् गाडीत पयले कवडू बसंल, मंग मी."

इतवारी तडक कवडूच्या दारात गेला आणि असा ओरडला, की तलावावरचे बगळे उडाले.

"कवड्या! पत्रा धराले कोन येईल, तुहा बाप? जाळं मीच कोंबलं होतं, मी! आयकलं? चाल आता!"

कवडू दाराला टेकून उभा राहिला.

"अजून जोरानं सांगा ना भाऊजी. आसगावले आयकू नाही गेलं."

इतवारीनं दातओठ खाल्ले, मुठी आवळल्या, आणि दुसऱ्यांदा सांगितलं.