ओढ्याकडचं झाड

आल्चेनं करवंटीतल्या गुळावर अंगठा दाबला. अंगठा सरळ आत गेला. वर काढला तेव्हा त्याला गुळाची तार चिकटून आली, लांब, तपकिरी, तुटता तुटेना.

"हाही बसला नाही," ती म्हणाली.

वेलेम रुमाम्बी दारात कोयत्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला नाही. थांबू नये याची त्यानं काळजी घेतली.

"पावसामुळे असेल. नीरेत पाणी जास्त उतरतंय."

"परवाही पाऊसच होता?"

"होता की."

"मला बरा नाही दिसला. मी आपली परवा दिवसभर लवंगा वाळवत बसले होते." तिनं अंगठा फडक्याला पुसला. "ओढ्याकडच्या झाडावरचा बांबूचा नळा किती वाजता उतरवतोस?"

"साडेसहालाच. चार नळे कावडीनं इकडे आणतो, पाचवा तिथंच पाण्यात गार ठेवतो. दुसऱ्या फेरीला आणतो. सांगितलं ना तुला."

"सांगितलंस," आल्चे म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पहाटे उतरवलेली नीरा चार तास आटवली की करवंटीत दगडासारखी बसते. आंबलेली कितीही आटवा, ती बसत नाही. मिनाहासाच्या त्या डोंगरउतारावर हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. आल्चेचे तर आजोबा-पणजोबा याच झाडांवर चढलेले.

वेलेमनं दारू सोडली त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी तो झाडावरूनच पिऊन आला होता आणि चुलीवरची उकळती कढई त्याच्या धक्क्यानं कलंडली होती. लेक मेस्के तेव्हा नऊ वर्षांची. आता ती बितुंगला माशांच्या कारखान्यात कामाला होती आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा झगा घालायची. आल्चे तेव्हा रडली नव्हती, ओरडलीही नव्हती. इस्पितळाच्या ओट्यावर बसून एवढंच म्हणाली होती, "पुढच्या वेळी मी पोरीला घेऊन जाईन. परत येणार नाही. हे एकदाच सांगते."

पुढची वेळ आली नव्हती. रोज पहाटे पाचला, ख्रिस्ती देवळाच्या कर्ण्यावर गाणं लागायच्या आधी, दोघं चुलीपुढे बसायची. तो पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, ती ऐकायची, मग तो झाडांकडे निघायचा. शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचून झालं होतं. ही तिसरी खेप.

त्यानं कोयता कमरेला अडकवला, झोळी उचलली. झोळी आज जड लागली. त्यानं उघडून पाहिलं नाही.

ओढ्याकडे जाणारी वाट लवंगांच्या झाडांतून खाली उतरत होती. वेलेम भराभर चालत होता आणि आपण भराभर चालतो आहोत हे त्याला आवडत नव्हतं. काल त्यानं अर्धा पेला घेतला होता. अर्धाच. डोकं फिरलं नव्हतं, जीभ जड झाली नव्हती. उरलेली नीरा घरी नेऊन त्यानं कढईतल्या चांगल्या नीरेत ओतली होती, माप कमी दिसू नये म्हणून. तेवढी आंबट धार सगळी कढई बिघडवायला पुरत होती. आज अर्धाच घ्यायचा, की घ्यायचाच नाही, हे त्यानं ठरवलं नव्हतं. झाडाजवळ गेल्यावर बघू, असं तो गेले चार दिवस म्हणत होता.

झाडाखाली नोल्डी उकिडवा बसला होता. ओढ्यापलीकडे त्याची दारूची भट्टी, तिचा धूर बांबूंच्या वर दिसायचा.

"या, या, वाचकसाहेब!" नोल्डी म्हणाला. "घरोघरच्या उपासनेत तुमचा आवाज ऐकतो आम्ही. काय ते वाचन! पण गड्या, हा नळा शेवटचा धुतलास कधी?"

वेलेमनं वर झाडाकडे पाहिलं.

"नाही, वास पार माझ्या भट्टीपर्यंत येतो म्हणून विचारलं. नळा धुवायचा नाही, धुरी द्यायची नाही, अकरा वाजेपर्यंत झाडावर ठेवायचा, म्हणजे आपसूक दारू. हे विसरून होत नाही बाबा. याला हात लागतो. अकरा वर्षांत तुझा हात उतरला नाही हां!"

"तू चढला होतास?"

"काल जरा चाखली. शेजारधर्म! रागावू नकोस." नोल्डीनं पाठीमागून बांबूचा पेला काढला. तो काठोकाठ भरलेला होता, वर पांढरा फेस. "आजचीही उतरवून ठेवलीये, तुझे पाय वाचवले. ऐक, आणखी एक झाड असंच ठेव. दोन्हींची मी भट्टीत घालतो, अर्धं तुझं."

"आल्चेला कळेल."

"वहिनींना सांगतंय कोण? मला त्या भेटतात रविवारी देवळात, आणि तिथं मी गाण्यापुरतंच तोंड उघडतो." तो हसला, पेला वेलेमच्या पुढ्यात दगडावर ठेवला आणि उठला. "चल, माझी भट्टी उतू जाईल. विचार कर. घाई नाही."

घाई नाही. वेलेम पेल्याकडे बघत राहिला. फेसातले बुडबुडे एकेक करून फुटत होते. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तोंडाला सुटलेल्या त्या पाण्याची त्याला भीती वाटली. त्यानं घाम पुसायला झोळीतल्या फडक्यासाठी हात घातला. हाताला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक लागलं.

आल्चेनं ठेवलं होतं. न बोलता.

खुणेची निळी फीत होती तिथेच होती. चार दिवस कुणी पान उलटलं नव्हतं. आधी त्यानं म्हटलं होतं, ऊन चढायच्या आत झाडं उरकतो, मग वाचू. मग ते संध्याकाळवर गेलं. मग, "तूच वाच ना, मी ऐकतो." आल्चेला बारीक अक्षर दिसत नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

त्याला मनात वाचता येत नसे. ओळीखाली बोट धरून तो मोठ्यानं वाचू लागला. आपल्यासाठी काहीतरी असेल, एखादा धमकीचा शब्द, एखादा धीराचा, म्हणून तो वाट बघत वाचत होता. तसं काही नव्हतं. मिसर देशातून निघालेल्या लोकांच्या मुक्कामांची नुसती यादी. इथून निघाले, तिथं उतरले. तिथून निघाले, आणखी कुठं उतरले. चाळीसेक नावं, जिभेवर न बसणारी. मागच्या खेपेला हा अध्याय आला तेव्हा आल्चे हसली होती, "हा तर बसचा कंडक्टर थांबे ओरडतोय!"

तो वाचत राहिला. निघाले, उतरले. निघाले, उतरले. आठ-दहा नावांनंतर त्याचा आवाज मंदावला. त्यातला एकही मुक्काम फारसा लांबचा नव्हता. कुणीही एका दिवसात वाळवंट ओलांडलं नव्हतं.

त्याचं बोट पानाला चिकटलं. नीरेचं बोट. आंबली का बघायला प्रत्येक नळ्यात तो हेच बोट बुडवून चाखायचा, ते कामच होतं. मग बोटाची ओंजळ झाली. ओंजळीचा पेला झाला. मध्येच कधीतरी नळा धुवायचा राहिला, आणि राहू दिला. तो मागे मागे मोजत गेला, पहिला मुक्काम कुठला होता ते शोधत. तो झाडावरचा नव्हताच. चुलीपुढचा होता. झाडाच्या आधी पुस्तक सुटलं होतं.

मोठी प्रार्थना त्याला सुचली नाही.

"प्रभू," तो म्हणाला, "मी इथवर आलोय."

त्यानं पेला मातीत उलटा केला. नळाही केला. मग खाचा पाडलेल्या बांबूवरून वर चढला. नीरा ठिबकते त्या फुलाच्या दांड्याला त्यानं दोन महिने रोज बडवून, झुलवून पाझरतं केलं होतं. नाताळपर्यंत तो आटला नसता. तीन घावांत दांडा बुडापासून तुटला आणि खाली आदळला.

"अरे, वेड लागलं का तुला?" पलीकडून नोल्डी ओरडला. "दुभत्या गाईची मान कापलीस!"

वेलेम खाली उतरला, रिकामा नळा उचलला. थांबलो तर खाली सांडलेल्याचा वास घ्यायला वाकू, असं त्याला वाटत होतं. म्हणून तो थांबला नाही.

घरी कढई चुलीवर होती. आल्चे ढवळत होती. तिनं रिकामा नळा पाहिला.

"मी तो साडेसहाला उतरवत नव्हतो," वेलेम म्हणाला.

"माहीत आहे."

"काल अर्धा पेला घेतला. आज नाही. दांडा कापून आलो."

आल्चेनं फडक्यानं कढईचे कान धरले आणि उकळती कढई चुलीवरून उतरवून, त्याच्यापासून लांब, पार भिंतीशी नेऊन ठेवली. वेलेमला मान वर करवली नाही. दुपारी भोपळ्याची पेज तिनं त्याला वाढली, स्वतः घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला तो उठला तेव्हा चूल पेटलेली होती आणि दिवा त्याच्या जागेजवळ ठेवलेला होता. मुक्कामांची यादी उरली होती तिथून त्यानं वाचली. आल्चे हसली नाही, पण उठूनही गेली नाही.

साडेसहाला तो चार नळे घेऊन अंगणात आला आणि कावड खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला.

"तू चाख," तो म्हणाला.

"मी? तुझ्या झाडाची नीरा मी चाखायची? गाव काय म्हणेल, रुमाम्बीला आपली नीरा कळेनाशी झाली?"

"म्हणू दे. आजपासून तूच चाखायची."

आल्चेनं हात धुतले. पहिल्या नळ्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग दुसऱ्या. वेलेम तिच्या तोंडाकडे बघत होता. तिसऱ्याला ती जरा थांबली, पुन्हा बोट बुडवलं. चौथा.

"गोड आहे," ती म्हणाली आणि कढई पुढे ओढली.

तेव्हा कुठे त्यानं कावड खांद्यावरून उतरवली.