सात नंबर रिकामा

लातूरच्या त्या कोचिंग क्लासची अकरा दारं सलग तिसऱ्या दिवशी आपोआप उघडली, तेव्हा सालेहाने हातातला चहा तसाच खिडकीत ठेवून दिला. दारांना हात कुणी लावला नव्हता. सराव परीक्षा चालू होती, पोरं माना खाली घालून गोल रंगवत होती, आणि अकराच्या अकरा दारांची चुंबकं एकदम सुटली. खट! मागच्या बाकावरची चार-पाच पोरं तेवढ्यात पसार झाली. तेवढ्यासाठीच तर दारं बंद करायची होती.

इमारत चार मजल्यांची, कोरी करकरीत. मुखेडपासून माहूरपर्यंतची सहाशे पोरं तिथे डॉक्टर व्हायला आली होती. दिवे, एसी, पाण्याची मोटर, दारं, सगळ्यांना हुकूम देणारी एकच पेटी तळमजल्यावर होती, आणि त्या पेटीचा प्रोग्रॅम सालेहाने लिहिला होता. नांदेडच्या महेबूबचाचांच्या कंपनीत दोन वर्षं तिने नुसती कोटेशनं टाइप केली होती. एकटीच्या जबाबदारीवर मिळालेली ही तिची पहिलीच इमारत.

आणि रविवारी मोठी परीक्षा. क्लासचे मालक चन्नबसप्पा सर दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे माणूस जास्तच घाबरायचा.

"म्याडम, दारं का उघडली ते मला लिहून द्या. रविवारी परत उघडली तर काम पुण्याच्या कंपनीला. मग महेबूबभाईंना तुम्हीच सांगा."

ते गेले. तारांचं काम करणारा नरसिंग कोपऱ्यात पक्कड पुसत होता. तो म्हणाला, "माझ्या तारा चोख हायेत म्याडम. तुमच्या कम्प्युटरला काहीतरी झालंय."

काय झालंय तेच तर कळत नव्हतं. पहिल्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी दारं उघडली, दुसऱ्या दिवशी दीड वाजता, आज पावणेदोनला. सालेहाला आधी पोरांचा संशय आला, मग नरसिंगचा, मग स्वतःचा. प्रोग्रॅम तिने पाच वेळा वाचला. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, सापडतच नव्हती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे जोडायचे असतात. एखादा ठोकळा नीट जमला की तो सामायिक लायब्ररीत सेव्ह करून ठेवायचा, म्हणजे पुढच्या इमारतीला कुणीही तोच उचलून लावू शकतं. घरात एकदा येसूर मसाला भाजून डबा भरावा आणि लेकीसुनांनी त्यातून वाटी-वाटी न्यावा, तसंच. कशात काय घातलंय हे नेणारी विचारत नाही, कालवण जमलं की झालं. दारांचा ठोकळा कंपनीतल्या जुन्या ज्ञानोबाकाकांनी बनवलेला होता. डोळ्याला पडदा आला म्हणून ते काम सोडून रेणापूरला गेले, त्यालाही सात वर्षं झाली. ठोकळा मात्र तीसेक इमारतींत कामाला होता. तो सीलबंद होता, पासवर्डशिवाय आत डोकावता येत नसे. बाहेरून त्याचे चार पाय दिसत. पहिला कार्डाचा, दुसरा वेळापत्रकाचा, तिसरा आगीच्या घंटेचा. चौथ्याचं नाव होतं तांब्या.

दारात तांब्याचं काय काम? सालेहाने कपाळावर हात मारून घेतला. सगळे जण तो पाय तसाच सोडतात म्हणून तिनेही सोडला होता.

इतक्यात तळमजल्यावर चालू असलेली मोटर घुरघुरत थांबली. डब्याच्या सुट्टीनंतर पोरं हात धुतात, भांडी विसळतात, टाकी उतरते आणि मोटर चालू होते. सालेहाचा हात कपाळावरच राहिला. तिन्ही दिवस दारं उघडली ती जेवणानंतर! ती पेटीपाशी धावली. टाकीतल्या पाण्याच्या तरंगत्या गोळ्याची तार सात नंबरच्या खाचेत बसवलेली होती.

तिने महेबूबचाचांना फोन लावला.

"सात नंबर?" चाचा ओरडलेच. "बेटा, सात नंबर रिकामा ठेवायचा असतो!"

"का?"

"का म्हणजे? ठेवतात. ज्ञानोबा सांगून गेलाय. नांदेडच्या एकाही पोराने आजवर सातला तार लावली नाही. काही जण तर तिथे हळदीचं बोट लावतात."

"पण का, चाचा?"

चाचा म्हणाले, "ते काय मी विचारलं नाही बघ."

नरसिंग लातूरचा. नांदेडचं हे सोवळं त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने तार काढून आठ नंबरला लावली, सालेहाने प्रोग्रॅममध्ये तसा बदल केला, मोटर दोनदा चालवून पाहिली. दारं जागची हलली नाहीत.

म्हणजे संपायला हवं होतं. पण चन्नबसप्पा सरांना लिहून काय देणार? टाकी उतरली म्हणून तांब्या नावाचा पाय हलला, म्हणून दारं उघडली? स्वतःला न कळलेली गोष्ट कागदावर उतरवायची सालेहाला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. उद्या आणखी कशाने उघडली तर? शनिवारी सकाळी तिने रेणापूरची एसटी पकडली.

ज्ञानोबाकाका ओसरीत बसून तूर निवडत होते. एक डोळा पांढरा झाला होता, पण बोटं सरावाने चालत होती. सालेहाने सगळं सांगितलं. हळदीच्या बोटाचं ऐकून ते खो-खो हसले, हसता हसता खोकले.

"आरं देवा! हळद? मी म्हणलो होतो, सात नंबर माझ्यासाठी मोकळा ठेवा, तिथं मला तांब्या जोडायचाय. ठोकळ्याचा चौथा पाय आतनं सातलाच बांधलाय मी. तांब्या ऱ्हायला आन् नुसतं मोकळं ठेवणं चालू हाय व्हय?"

"तांब्या म्हणजे काय, काका?"

"तू कधीची हायेस?"

"अठ्ठ्याण्णवची."

"मंग तुला कसं ठाऊक असंल." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमी पत्र्याच्या शेडात ऱ्हायचो. घराघरात तांब्या मांडून ठेवलेला असायचा. जमीन जरा हालली की पडायचा, आवाजानं समदे बाहेर पळायचे. तसं बटण दाराला जोडायचं होतं मला. जमीन हालली की दारं आपसूक उघडावीत. पर जो तो मालक म्हणायचा, ज्ञानोबा, आता कुठं भूकंप येऊन राहिलाय?"

"आणि ठोकळ्याचा पासवर्ड?"

"सत्यशीला. इंग्रजी अक्षरात."

सालेहाने तो वहीत लिहून घेतला. काकांनी पुन्हा सूप ओढलं, पण दाणे निवडले नाहीत.

"माझी धाकटी बहीण. भूकंपाच्या वक्ताला औसा तालुक्यात होतो आमी. गणपती बुडवायला गेलतो मी गावाबरोबर. यायला उशीर झाला तर आईला उठून दार काढायला लागू नये, म्हणून बाहेरनं कडी लावून गेलतो. लोक म्हणतात, दगडामातीची भिंतच आली अंगावर, दाराचा काय संबंध? आसंल. पर दोघी दारापाशी सापडल्या."

सालेहाने हात पुढे करून सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. मग दुसरा. अर्धा तास दोघं तूर निवडत बसली.

परतीच्या एसटीत तिच्या डोळ्यापुढे ती अकरा दारं येत होती. आगीची घंटा वाजली तर उघडतील, पण जमीन हालली तर घंटा कोण वाजवणार? संध्याकाळी तिने पासवर्ड टाकून ठोकळा उघडला. आतल्या ओळी जशाच्या तशा ठेवल्या. माहितीच्या रिकाम्या चौकटीत फक्त एवढं लिहिलं: "सात नंबर तांब्यासाठी आहे. जमीन हालली की दारं उघडावीत म्हणून. रिकामा सोडू नये. ज्ञानोबाकाकांचा ठोकळा." आणि तो सामायिक लायब्ररीत परत ठेवला. दहा मिनिटांत ती चौकट वाचून चाचांचा फोन आला.

"बेटा, तीस इमारती आहेत," ते म्हणाले. "सोमवारपासून एकेक करू."

कंप ओळखणारं पक्कं यंत्र यायला आठवडा लागणार होता. तोवर रविवारी सकाळी नरसिंगने पेटीजवळच्या फळीवर दारावरच्या घंटीसारखं बटण बसवलं, त्याची तार सात नंबरला दिली, आणि सालेहाने कॅन्टीनमधला एक तांब्या त्यावर पालथा घातला. तांब्या पडला की बटण सुटणार. एवढ्यात चन्नबसप्पा सर आले. सालेहाने लिहिलेला कागद पुढे केला, पण तो त्यांनी घेतलाच नाही. ते तांब्याकडे बघत राहिले. आता काम गेलं, असं तिला वाटलं.

"हे कुणी मांडलं?" सरांनी विचारलं.

"मी, सर. म्हणजे दारं बंद राहतील, पण जर..."

"असं नसतं मांडायचं." सर कॅन्टीनकडे वळले आणि स्वतः दुसरा तांब्या घेऊन आले. "एकटा पालथा तांब्या लवकर पडत न्हाई. तेच्या बुडावर दुसरा उभा ठेवायचा. बटण वरच्याखाली पाहिजे." त्यांनी मांडणी नीट जमवली, नरसिंगकडून बटणाची जागा बदलून घेतली. "आमची आई सहा महिने असंच मांडून निजायची."

परीक्षा तीन तास चालली. मोटर दोनदा घुरघुरली. दारं बंद होती.

पोरं निघून गेल्यावर सालेहाने दारं पुन्हा बंद केली, रेणापूरला फोन लावला आणि तो जिन्यापाशी धरायला नरसिंगच्या हातात दिला. मग आत जाऊन वरच्या तांब्याला बोट लावलं. तांब्या खणकन फरशीवर पडला आणि चारही मजल्यांवर खट, खट, खट करत अकरा दारं सुटली.

ती धावत फोनपाशी आली.

"समदी उघडली?" काकांनी विचारलं.

"समदी उघडली, काका."

"पोरी, परत एकदा बंद करून उघडशील?"

सालेहा आत गेली, तांब्या उचलला आणि दुसऱ्या तांब्यावर पुन्हा नीट ठेवला.