न उतरलेला रॅम्प

मी एक खांब आहे. तुम्ही मला पाहिलेलं नसेल, कारण तुम्ही माझ्या डोक्यावरून जाता. बँकॉकहून पूर्वेला, समुद्राकडे निघालेला जो लांबलचक उन्नत टोलरस्ता आहे, तो माझ्या शेकडो भावंडांनी उचलून धरलाय. ती सगळी नाकासमोर सरळ उभी आहेत. मला मात्र डाव्या अंगाला एक आखूड हात आहे. तो कुठेच पोहोचत नाही.

माझा जन्म कागदावर झाला. प्रवेत नावाच्या इंजिनिअरने मला रेखाटलं. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. इथली माती लोण्यासारखी मऊ. वर काही ठेवलं की खचायला लागते. म्हणून साहेबांनी माझ्या पायाखाली काँक्रीटचे लांब लांब सोटे जमिनीत खोल ठोकून घेतले. खालचा जुना रस्ता बंद करायचा नव्हता, तेव्हा आम्ही त्याच्या दुभाजकातच उभे राहिलो. वरचा रस्ता कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी ओतला जायचा. ट्रकमधून आलेले ते तुकडे वर टांगायचे, पोलादी दोरांत गजऱ्यासारखे ओवायचे आणि करकचून ताणायचे.

माझ्या सळ्या बांधल्या थोंगबायने. तो ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातला. त्याची बायको लामदुआन समोरच खानावळ चालवायची: चिकट भात, भाजलेला मासा, कच्च्या पपईची कोशिंबीर. समुद्राकडे निघालेल्या गाड्या तिच्या दारात थांबत. प्रवेतसाहेबही रोज दुपारी तिथेच जेवत.

एके दिवशी तिने साहेबांना सरळच विचारलं, "सगळ्या गाड्या वरून गेल्यावर माझ्याकडे कोण येणार हो?"

साहेबांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "त्या खांबाला हात काढलाय बघा, मावशी. तिथून रॅम्प उतरणार, थेट तुमच्या दारापाशी. जागा वाढवून ठेवा."

तिने ती वाढवली. लग्नाच्या वर्षी लावलेली आंब्याची दोन झाडं तोडली, फरशी घातली, चाळीस माणसं बसतील एवढं पत्र्याचं छप्पर उभारायला घेतलं.

त्याच पावसाळ्यात देशाचा पैसा कोसळला. बँकांना टाळं लागलं, अर्धवट इमारती जागच्या जागी थांबल्या. आमचं काम चालू राहिलं, पण वरून हुकूम आला की खर्च छाटा. छाटण्यात पहिला गेला तो माझा रॅम्प. प्रवेतसाहेबांनीच नकाशावरची ती रेघ खोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते खानावळीत फिरकले नाहीत.

माझ्या हातातून बाहेर आलेल्या सळ्या कापायला मुकादमाने थोंगबायलाच वर पाठवलं. भरदुपारी त्याने त्या कापल्या आणि कापलेल्या टोकांवर सिमेंट लिंपलं. खाली त्याची बायको छपराचे पत्रे मोजून घेत होती. तो उतरला, तिच्या शेजारी बसून जेवला, आणि गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर तो तिला पत्रे ठोकायला मदत करू लागला.

छप्पर पुरं झालं तेव्हा लामदुआनने कौतुकाने वर पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावर अडकली. बराच वेळ ती पाहत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"सळ्या कुठे गेल्या?"

"कापल्या."

"कोणी?"

थोंगबायने हातोडी खाली ठेवली. "मीच. सांगणार होतो गं. तू इतकी खुशीत होतीस."

ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर निदान झाडं वाचली असती का, तेवढं सांगा." तीही वाचली नसती, झाडं त्याआधीच तुटली होती. थोंगबाय फरशीवर सांडलेले खिळे वेचू लागला.

रस्ता खुला झाला. गाड्या माझ्या डोक्यावरून सुसाट जाऊ लागल्या, आणि चाळीस माणसांच्या छपराखाली कधी चार बसत, कधी एकही नाही. काही वर्षांनी चूल विझली. लामदुआन दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. थोंगबाय आता तिथेच मोटारसायकलींची पंक्चरं काढतो.

परवा एक म्हातारा काठी टेकत आला. जवळ उतरायला वाट नाही, म्हणून पुढे जाऊन उलटा फिरून आला होता. थोंगबायने ओळखलं आणि खुर्ची दिली. प्रवेतसाहेबांनी मावशीची चौकशी केली. ती गेल्याचं कळल्यावर खाली मान घालून म्हणाले, "मला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

"रेघ तुम्ही खोडलीत हे तिला कधी कळलंच नाही, साहेब," थोंगबाय म्हणाला. "तिला वाटायचं, कोशिंबीर तिखट होते म्हणून तुम्ही येईनासे झालात. चूल विझेपर्यंत तिने मिरची कमी घातली. गिऱ्हाइकं कुरकुरायची, तरी घातली नाही."

साहेबांनी दोन्ही हातांनी काठी धरली. जाताना साहेब माझ्यापाशी थांबले, पण मान वर करून पाहिलं नाही.

मी अजून शंभर वर्षं उभा राहीन, असा हिशोब साहेबांनीच केलाय. तुम्ही खुशाल वरून जा. तुमचा भार मला जड नाही. एकच मागणं आहे. कोणाच्या दारापर्यंत ओढलेली रेघ खोडावी लागली, तर त्याच दिवशी खाली उतरून तसं सांगा. मी सिमेंटचा, मला बोलता आलं नाही. त्या दोघांना येत होतं.