पडद्यापलीकडचे हात

आत्याने घड्याळ उतरवून वर्गाच्या बाईंकडे दिलं, अंगठी ओढून काढली आणि पडद्याच्या भोकातून उजवा हात पलीकडे घातला. शेजारच्या भोकात नवीचा हात होता. भावाच्या दुसऱ्या बायकोला आत्या मनातल्या मनात अजून 'नवी'च म्हणे, लग्नाला वर्ष उलटलं तरी.

बालवर्गात आठवडाभर स्पर्शाचे धडे चालले होते. पॉलिश पेपर, कापूस, ओला स्पंज, सगळं मुलांचं चाचपून झालं होतं. आज डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या हातावरून आपलं माणूस ओळखायचं होतं.

आत्याला धड्याचं कौतुक नव्हतं. भावाच्या आईवेगळ्या छकुलीला ही नवी जाच करते असा तिला दाट संशय होता. चार दिवस ती भावाच्या घरात डोळ्यांत तेल घालून बसली होती. काही सापडेना, तसा संशय वाढतच गेला. इतकं गोड कुणी वागतं का? पोरीला मी माझ्या घरी नेणार, हे तिने नवीच्या देखत भावाला बजावलंही होतं.

आत्ताही पट्टी बांधण्याआधी नवी छकुलीच्या कानाशी लागली होती. आत्याच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

छकुली पडद्याच्या कडेने आली. आत्याचा हात तिने उलटासुलटा चाचपला, बोटं दाबून पाहिली आणि सोडून दिला. आत्याला ते फार लागलं. पुढचा हात धरताच छकुली म्हणाली,

"ही माझी आई."

इथे नक्की पाणी मुरतंय, आत्याने ठरवलं. खेळ संपताच ती छकुलीला व्हरांड्यात घेऊन गेली.

"कानात काय सांगितलं गं तिने?"

"शू आली का, विचारलं."

"मग हात कसा ओळखलास? काही खूण ठरली होती ना?"

"नाही गं. गार होता, आणि ओला."

"असा असतो तिचा हात?"

छकुलीने जरा विचार केला.

"आधी नसायचा. तू आलीस ना, तेव्हापासून असतो."

एवढ्यात दप्तर घेऊन नवी आली आणि दोघींना बघून दाराशीच थबकली.

"आत्या, तू कधी जाणार?" छकुलीने विचारलं.

"आज," आत्या म्हणाली. मग दाराकडे बघत तिने सांगितलं, "एकटीच जाणार आहे."