मुठीवरचे दातांचे व्रण

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. हातभर लांब, टोकाला बोथट आणि स्वभावाने भारी अस्वस्थ. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आहे. कोपऱ्यावर एक डिझेल जीप उभी आहे आणि तिचं एक सिलेंडर मधूनच दांडी मारतंय. फरशीतून मला ते कळतंय. बाकी कुणाला त्याचा पत्ता नाही, आणि मला तोंड नाही. माझं सगळं दुखणं इथेच आहे.

माझ्या लाकडी मुठीकडे नीट पाहा. दोन्ही बाजूंना दातांचे व्रण दिसतील. कुत्र्याने चावलेलं नाही हो! माणसाचे दात आहेत, आणि तेही आमच्या मिस्त्रींचे.

पोलादाची सळई तापवून, ठोकून मला एका कारखान्यात घडवलं. स्क्रू पिळावेत एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. पण मिस्त्रींनी मला गॅरेजमध्ये आणलं आणि पहिल्याच आठवड्यात वेगळ्याच कामाला लावलं. माझं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटातला आवाज माझ्या अंगातून थेट त्यांच्या कानात जायचा. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसंच.

तीस वर्षांत मी किती इंजिनांच्या पोटात डोकावलो, विचारू नका. चार सिलेंडरचं इंजिन म्हणजे चार भाऊ. एकामागून एक बोलतात, आणि एक जण रुसला की सगळं घर हलतं. तीन सिलेंडरचं इंजिन उभ्या उभ्या थरथरतं, पण मनाचं साफ. जुनं डिझेल सकाळी खोकल्याशिवाय उठतच नाही. एकदा गरम झालं की मग दिवसभर ओझं ओढायला तयार. काही महागड्या गाड्या इतक्या हळू बोलतात की मला त्यांचा रागच येतो. जे काय असेल ते सांग ना बाई स्पष्ट! आणि हल्लीच्या बॅटरीच्या गाड्यांचं तर नावच काढू नका. त्यांना टोक लावलं की नुसतं गुणगुणणं ऐकू येतं, आणि आपली नोकरी जाणार हे मला कळून चुकतं.

मिस्त्रींच्या कानाची मोठी ख्याती होती. एक निवृत्त मास्तर सहा महिने "गाडीत आवाज येतोय" म्हणून या गॅरेजमधून त्या गॅरेजमध्ये फिरत होते. मिस्त्रींनी मला क्षणभर इंजिनाला लावलं आणि म्हणाले, "मास्तर, इंजिन ठणठणीत आहे. सीटखाली बघा." तिथे डब्यातला चमचा निघाला.

मिस्त्रींना एक वाईट खोड होती. दोन्ही हात कामात असले की ते मला दातांत धरायचे. गॅरेजच्या पुढच्या खोलीत काकू, म्हणजे त्यांची बायको, शिवणकाम करायच्या. त्या मशीनवरूनच ओरडायच्या, "अहो, ते आधी तोंडातून काढा! कुठे कुठे लागलेलं असतं ते!"

"मला दोनच हात आहेत, चार नाहीत," असं मिस्त्री दातांतल्या दातांत म्हणायचे.

मग एका दुपारी हवा भरताना ट्रकचा टायर फुटला, अगदी त्यांच्या उजव्या कानाशी. "जरा शिट्टी वाजतेय कानात, जाईल," म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं. शिट्टी थांबली, पण ऐकू येणंही तिच्याबरोबर गेलं. डावा कान तरुणपणी पत्रे ठोकून आधीच मंदावला होता. मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांचा कान हीच तर दुकानाची पाटी होती. ते लोकांच्या ओठांकडे बघून "हो हो" म्हणायला लागले. एकाने "ब्रेक लागत नाही" म्हटलं, तर त्यालाही "हो हो, छान" म्हणाले.

मला ते कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे. मी आवाज दारापर्यंत नेऊन पोहोचवायचो आणि दार बंद असायचं. चार महिने हे नाटक चाललं. मला लाज वाटायची, आणि त्यांची कीवही यायची.

एके सकाळी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई आल्या. डोंगरावरच्या शाळेत त्या रोज अकरा मुलांची ने-आण करत. रस्ता सगळा चढाचा आणि वळणांचा.

"काका, चढावर गाडी घातली की खालून ठोकल्यासारखा आवाज येतो," ताई म्हणाल्या. "पोरं म्हणतात, ताई, गाडीत कुणीतरी दार वाजवतंय."

मिस्त्रींनी पुढचं सीट उचललं. खालीच इंजिन होतं. मला टेकवलं मात्र, आणि मी हादरलो. ढक, ढक, ढक. मित्रांनो, वरून टिकटिक आली तर ते टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे छोटे दांडे असतात, त्यांची फारशी काळजी नसते. पण खालून असा जड ठोका आला, तर पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग झिजलेलं असतं. तो दांडा तुटला तर इंजिन फोडून बाहेर येतो आणि भर चढावर गाडी जागीच बंद पडते.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "टॅपेट वाजतायत. सेट करून ठेवतो. साडेतीनला या."

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही," म्हणून ताई निघूनही गेल्या. त्यांना चार वाजता मुलांना आणायचं होतं.

त्या दिवशी माझी काय तगमग झाली, कशी सांगू! घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मिस्त्रींनी टॅपेट सेट केले, मला पुन्हा कानाशी धरलं, पुन्हा मान डोलवली. मी तर आवाज ओतत होतो. त्यांना थेंबभरही मिळत नव्हता.

तीन वाजून गेल्यावर ते शेवटचं काम करायला वाकले. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, जुळवायचा होता. दोन्ही हात आत गुंतले, आणि सवयीने मी त्यांच्या दातांत गेलो. ते आणखी वाकले. माझं टोक इंजिनाच्या अंगाला टेकलं.

मिस्त्री जागच्या जागी थिजले.

त्यांनी मला दातांतून काढून कानाशी धरलं. काही नाही. पुन्हा दातांत धरून टोक टेकवलं. ढक, ढक, ढक. कानाचं दार बंद होतं, पण दातांतून, जबड्याच्या हाडातून आवाज आत शिरला होता. त्यांनी इंजिन बंद केलं.

"अगं, इकडे ये," त्यांनी काकूंना हाक मारली. "मला... मला ऐकू येत नाही गं. चार महिने झाले."

काकू मशीनवरून उठून आल्या. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मशीन बंद ठेवून हाका मारून पाहिल्यात मी. तुम्ही स्वतःहून कधी सांगाल म्हणून वाट बघत होते. चुकलंच माझं."

साडेतीनला ताई आल्या. मिस्त्रींना सहज थाप मारता आली असती. टॅपेट करताना हे सापडलं, असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण ते म्हणाले, "ताई, गाडी देत नाही. बेअरिंग गेलंय. आणि सकाळी मी न ऐकताच सांगितलं. माझे कान गेलेत."

ताईंनी व्हॅनमधल्या मागच्या सीटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अकरा पोरं बसतात काका यात." आवाज चढवला नव्हता त्यांनी. मिस्त्रींनी ओठांवरून ते वाचलं आणि मान खाली घातली. ताईंनी फोन करून मुलांसाठी दुसरी व्हॅन मागवली. निघताना म्हणाल्या, "दुरुस्त करा. पण आता इंजिन माझ्यासमोर ऐका, मलाही ऐकवा आणि मग सांगा."

दुसऱ्या दिवशी बेअरिंग काढलं. ते झिजून पातळ झालं होतं. त्याचा अर्धा तुकडा मिस्त्रींनी मी फरशीवर पडून असतो तिथल्या भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे. ताईंसमोर त्यांनी मला दातांत धरून इंजिन ऐकलं, मग ताईंनाही माझी मूठ कानाशी धरून ऐकायला लावलं. आता ते सगळ्यांसमोर तसंच करतात. गिऱ्हाईकं हसतात. मिस्त्रीही हसतात आणि सांगतात, "कान गेलेत हो, दात आहेत अजून." डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून दिलं आहे, पण इंजिनासाठी मीच लागतो. काकू फक्त मला रोज साबणाने धुतात.

मित्रांनो, अवजारांना तेल लावा, त्यांना गंजू देऊ नका, असं मी सांगणार होतो. ते कराच. पण त्याआधी एक गोष्ट शिका. एखादी गोष्ट ऐकू आली नाही, तर "मला ऐकू आलं नाही" असं म्हणा. मान डोलवू नका. तुमच्या मानेवर विश्वास ठेवून कुणीतरी चढावर गाडी घालणार असतं.

रोज चारनंतर ताईंची व्हॅन दुकानासमोरून जाते. फरशीतून मी तिला ऐकतो. चारही भाऊ नीट बोलत असतात, खालून कुणी दार वाजवत नाही, आणि वर अकरा मुलांचा गलका असतो. ती वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत मी स्वस्थ पडून राहतो.