सोफी गेल्याशिवाय नाही
माझ्या आणि शेजारच्या हेर पाउलिकांच्या, म्हणजे पाउलिकसाहेबांच्या, बाल्कनींमध्ये गुडघाभर उंचीचा कठडा आहे, बस्स. त्यामुळे ते काय खातात हे बघायचं नसलं तरी मला दिसायचं. एकदा क्रीमचा केक हाणत बसले होते, तेव्हा मी सहज म्हटलं, "डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना तुमची?" झालं. त्याच आठवड्यात गृहस्थांनी बांबूच्या तीन भल्यामोठ्या कुंड्या आणून कठड्याला लावल्या. डोक्याच्या वर जाणारी हिरवीगार भिंत. नवरा गेल्यापासून दिवसभरात बोलायला मला तेवढाच एक माणूस होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, लपू दे बापड्याला.

नोव्हेंबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन आणि मग चालायचा सराव, असं हिवाळाभर दवाखान्यात राहायचं होतं. तेव्हा स्वारी काठी टेकत माझ्या दारात.

"फ्राऊ टेशनर, मी नसताना जरा बांबूकडे बघाल का?"

"बघू नये म्हणून तर लावलात ना तो?"

ते कानापर्यंत लाल झाले. मग मान खाली घालून सगळं समजावून सांगितलं. कुंड्यांना काथ्याच्या चटया गुंडाळायच्या, खाली फळ्या सरकवायच्या, मातीवर वाळका पाला पसरायचा.

"आणि माती जरा सैल झाली की पाणी घाला. थंडीपेक्षा तहानेनंच मरतो तो. माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही."

"बरं. अजून काही?"

"कुंड्या मात्र जागच्या हलवू नका."

जानेवारीत लाइपझिगला असा काही बोचरा वारा सुटला की बांबूची पानं सुरळी होऊन वाळायला लागली. मी दवाखान्यात फोन लावला.

"कुंड्या घराच्या भिंतीशी न्यायला हव्यात. नाहीतर परत याल तेव्हा सरपण मिळेल."

ते म्हणाले, "पण मग कठडा मोकळा पडेल."

"तुम्ही तिकडे पलंगावर. इकडे मी काय तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बसणार आहे?"

"न्या मग," ते म्हणाले.

जुन्या घोंगडीवर चढवून एकेक कुंडी भिंतीपर्यंत ओढली. कंबर दोन दिवस बोलत होती. त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा.

"पाणी प्यायला का?"

"प्यायला. तुम्ही चाललात का?"

बांबूचं एवढ्यातच आटपायचं. मग दवाखान्यातलं पांचट सूप, माझी कंबर, खालच्या मजल्यावरचं भुंकणारं कुत्रं, काय वाट्टेल ते निघायचं.

मार्चमध्ये ते परतले. कठड्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोघांची कॉफी. मी रोज सकाळी पडदा सारताना आधी कुंड्या बघायची. आज भिंत परत उभी राहिली असेल, अशी धास्ती वाटायची. शेवटी एप्रिलमध्ये मीच विचारून टाकलं, काय तो सोक्षमोक्ष होऊ दे.

"कुंड्या जागेवर कधी न्यायच्या?"

"थंडीचे संत जाऊ देत की."

मेच्या मध्यात ज्यांच्या सणांना थंडी हटकून उलटते, त्या या संतांना इथे सगळेच टरकून असतात. त्यातली शेवटची सोफी, म्हणजे पंधरा मे, गेल्याशिवाय कुणी टोमॅटोचं रोपसुद्धा बाहेर काढत नाही.

"जानेवारी पचवलेल्या बांबूला सोफीची भीती?"

"सावध असलेलं बरं," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

सोफी गेली. जूनही गेला. जुलैत उन्हानं जीव नकोसा झालेला, हेर पाउलिक बनियनवर बसून घाम पुसतायत, समोर क्रीमचा केक. भिंतीशी बांबू मात्र अजून चटया पांघरून उभा, आणि एक नवा कोंब चटई फाडून वर आलेला.

"हेर पाउलिक," मी म्हटलं, "सोफी जाऊन दोन महिने झाले."

त्यांनी केकचा दुसरा तुकडा कापला, बशीत ठेवला आणि बशी कठड्यावरून माझ्यापुढे धरली.

"तिचा काय भरवसा? कधीकधी उलट फिरून येते."

"जुलैत?"

"जुलैतसुद्धा."

मी बशी घेतली. त्यांनी स्वतःसाठी आणखी एक तुकडा कापला, चांगला जाडजूड. साखरेबद्दल मी एक अक्षर बोलले नाही.